रुग्ण आज, रिपोर्ट परवा

लैंगिक आजारांच्या चाचणीचा विषय निघाला की गोव्यात दोनच पक्ष उभे राहतात आणि दोघेही भलत्याच गोष्टीवर भांडतात. एक म्हणतो, सगळ्यांना तपासा: पर्यटकांना, परप्रांतीय मजुरांना, लग्नाला उभ्या राहिलेल्या मुलामुलींना. लग्नाआधी एचआयव्ही चाचणी सक्तीची करण्याचा प्रस्ताव इथं २००६ मध्ये आला, गाजला, बारगळला आणि २०१९ मध्ये पुन्हा डोकं वर काढून गेला. दुसरा पक्ष म्हणतो, कशाला ही थेरं? सरकारी दवाखान्यात गोळ्यांचं पाकीट फुकट मिळतं, ते द्या आणि मोकळे व्हा. महागडी यंत्रं आणून गोव्याची बदनामी तेवढी होईल. गोनोरियाचं, जुन्या लोकांच्या भाषेत परम्याचं, तासा-दीड तासात निदान करणारी यंत्रं लैंगिक आरोग्याच्या दवाखान्यांत बसवावीत का, हा साधा आणि उत्तर देण्याजोगा प्रश्न या दोघांच्या मध्ये चेंगरून गेला आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बसवावीत. सुरक्षा क्लिनिकांत, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत चालणाऱ्या लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत, गोनोरियाची चाचणी त्याच जागी आणि त्याच भेटीत झाली पाहिजे. जो स्वतःहून आला त्याचीच, आणि त्याला विचारूनच. यंत्र आधुनिक आहे किंवा परदेशात आहे, एवढ्यासाठी ते मला नको. लंडनच्या डीन स्ट्रीटवर २०१४ पासून असा दवाखाना चालतो. नमुना दिल्यावर काही तासांत रिपोर्ट कळतो. चांगलं आहे. पण लंडनच्या माणसाला दोन दिवसांनी रिपोर्ट मिळाला तरी बहुतेक वेळा तो लंडनमध्येच असतो. गोव्यात रिपोर्ट तयार होईपर्यंत रुग्णच नाहीसा झालेला असतो.

या दवाखान्यांत येणारी माणसं डोळ्यांसमोर आणा. तारवटी, म्हणजे परदेशी जहाजांवर काम करणारा गोवेकर, दोन-तीन महिन्यांच्या सुट्टीवर येतो आणि एजंटचा फोन आला की मुंबई गाठतो. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये काम करणारा मुलगा ऑक्टोबरात येतो, पावसाच्या तोंडावर गावी जातो. मध्येच मालकाशी बिनसलं तर मोरजीहून उठून पाळोळ्याला. मालीमच्या किंवा कुटबणच्या जेटीवरचा खलाशी ट्रॉलरबरोबर गेला की दिवसचे दिवस किनाऱ्याला लागत नाही. पर्यटकाचं तर बोलायलाच नको, त्याच्या खिशात परतीचं तिकीट असतं. उरला गावातला माणूस. त्याची अडचण वेगळी. गोवा एवढासा, सरकारी रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसलं की मावसभावाची बायको, पंचायतीतला क्लार्क, शाळेतले मास्तर यांपैकी कुणीतरी दिसणारच. एकदा धीर करून तो येतो. 'रिपोर्ट परवा घेऊन जा' म्हटलं की पुन्हा त्या बाकावर येऊन बसणं त्याच्याच्यानं होत नाही. बाईला तर पहिल्यांदा घरातून निघतानाच काहीतरी सबब शोधावी लागते. दुसऱ्यांदा कुठली आणायची?

मी औषधविक्रेता आहे. बार्देशात माझी फार्मसी आहे आणि हा आजार पुष्कळदा डॉक्टरांच्या आधी मला दिसतो. संध्याकाळी गर्दी ओसरली की एखादा पोरगा काउंटरच्या टोकाला येऊन उभा राहतो. मुलाला घेऊन आलेल्या बाईला पुढे जाऊ देतो, खोकल्याच्या औषधाची बाटली हातात घेऊन उगाच वाचत बसतो. दुकान रिकामं झालं की मोबाइल पुढे करतो. त्यात गोळ्यांच्या रिकाम्या पट्टीचा फोटो. "काका, ह्या मिळतील? मित्राने घेतल्या होत्या." पट्टीवर उभी लाल रेघ; सेफिक्झिम. हे औषध २०१४ पासून एच-वन यादीत आहे. डॉक्टरची चिठ्ठी लागते, रुग्णाचं नि डॉक्टरचं नाव वेगळ्या वहीत लिहावं लागतं, ती वही तीन वर्षं जपावी लागते. मी त्याला सांगतो, सरकारी रुग्णालयात जा, फुकट आहे, नाव बाहेर जात नाही. तो विचारतो, "किती वेळ लागेल?" मी खरं ते सांगतो: सकाळची ओपीडी, केसपेपरची रांग, मग डॉक्टर, मग लॅब, रिपोर्ट नंतर. तो "बरं" म्हणतो आणि निघतो. रस्त्याच्या पलीकडे दुसरी फार्मसी आहे, आणि तिथं वही उघडतेच असं नाही.

आता समोरच्याचं सर्वांत बळकट म्हणणं घेऊ. ते असं: रुग्ण परत येत नाही हेच दुखणं असेल तर त्यावरचा इलाज केव्हाच निघाला आहे. लक्षणं पाहायची आणि पहिल्याच भेटीत औषध द्यायचं. राष्ट्रीय कार्यक्रमातली रंगीत पाकिटं त्यासाठीच तर आहेत. पुरुषाच्या लघवीच्या वाटेतून पू येतोय? राखाडी पाकीट: सेफिक्झिम आणि अझिथ्रोमायसिन, गोनोरिया आणि त्याच्यासारखाच दुसरा लैंगिक आजार क्लॅमिडिया, दोघांचाही बंदोबस्त. लॅब नको, वीज नको, तंत्रज्ञ नको. ही पद्धत कुणा आळशी माणसाने काढलेली नाही. तालुक्याला धड लॅब नव्हती आणि रिपोर्ट यायला आठवडा लागायचा, त्या दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने ती पुढे आणली आणि असंख्य लोकांना वेळेवर औषध मिळालं. पू येणाऱ्या पुरुषाच्या बाबतीत ती आजही चांगली चालते. त्या एका माणसापुरतं पाहिलं तर यंत्र आल्याने त्या दिवशीचं औषध फारसं बदलणार नाही, हे मी आढेवेढे न घेता मान्य करतो.

पण दवाखान्यात तो एकटाच येत नाही. गोनोरिया झालेल्या बायकांपैकी निम्म्या किंवा त्याहून जास्त जणींना काहीच जाणवत नाही. लक्षणच नसेल तर लक्षण पाहून औषध देणारी पद्धत करणार काय? आणि जी येते ती 'अंगावरून पांढरं जातंय' म्हणून येते. नियमाप्रमाणे डॉक्टरने आतून तपासून गर्भाशयाच्या मुखाला सूज आहे का ते पाहायचं. पडदा नाही, बाई डॉक्टर नाही, बाहेर रांग लागलेली, अशा दिवशी ती तपासणी राहून जाते आणि हातात हिरवं पाकीट पडतं: सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल. योनिमार्गातल्या नेहमीच्या संसर्गांवर ही औषधं उत्तम आहेत. गोनोरियाच्या जंतूला त्यांचा काडीचाही त्रास होत नाही. बाई समाधानाने घरी जाते आणि जंतू गर्भाशयातून वर नलिकांकडे सरकतो. पुढे ओटीपोटातलं दुखणं, कधी गर्भ नलिकेतच राहणं, कधी राहतच नाही. मग नवस, उपास, आणि दोष अर्थातच तिचा.

याची दुसरी बाजू जास्त अवघड आहे. आतून तपासणी झाली, थोडी लाली दिसली, तर तिला राखाडी पाकीट मिळतं आणि 'नवऱ्यालाही घेऊन या' असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात तिला गोनोरिया नसण्याचीही दाट शक्यता असते, कारण तशी लाली आणि तसा स्राव इतर कितीतरी कारणांनी होतो. ती घरी जाऊन काय सांगणार? नवरा विचारणार, हे आलं कुठून? सासू विचारणार, असल्या दवाखान्यात कशाला गेली होतीस? डॉक्टरने औषध अंदाजाने दिलं तर फार तर चार गोळ्या वाया जातील. एखाद्या घरात संशय अंदाजाने सोडायचा अधिकार त्याला कुणी दिला? चाचणीचा रिपोर्ट हातात असता तर 'नाही' म्हणण्याचीही सोय झाली असती. यंत्राची बाजू घेणारेसुद्धा 'नाही' या उत्तराची किंमत धरत नाहीत, याचं मला नवल वाटतं.

शिवाय चार गोळ्या वाया जातात त्या जंतूला शहाणं करून जातात. या जंतूचा इतिहास औषधं पचवण्याचा आहे. १९३०च्या दशकात सल्फा आलं, काही वर्षांत निकामी झालं. १९४०च्या दशकात पेनिसिलिनने जादू केली. मग तेच काम व्हायला डोस वाढवत वाढवत १९७०च्या दशकात ४८ लाख युनिटपर्यंत न्यावा लागला, आणि १९७६ मध्ये पेनिसिलिनलाच तोडून टाकणारे जंतू सापडले. टेट्रासायक्लिन गेलं. सिप्रोफ्लॉक्सासिन, जे एकेकाळी माझ्या दुकानातूनही पाण्यासारखं खपायचं, ते अमेरिकेने २००७ मध्ये या आजारासाठी बंद केलं. २०१२ मध्ये तिथं सेफिक्झिमही पहिल्या पसंतीतून उतरलं, म्हणजे आपल्या राखाडी पाकिटातलं निम्मं औषध. उरलं सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं इंजेक्शन. त्यालाही न जुमानणारा जंतू जपानमध्ये क्योतोत २००९ साली मिळाला, आणि २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या एका रुग्णात सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि अझिथ्रोमायसिन दोन्हींना पुरून उरलेला निघाला. झोलिफ्लोडासिन, जेपोटिडासिन अशी नवी नावं आता आली आहेत. तीही आपण संशयावरच वाटत सुटणार असू, तर ती पेनिसिलिनपेक्षा जास्त टिकतील असं मानायला आधार काय?

गोव्याने हा प्रश्न एकदा सोडवून पाहिला आहे, फक्त दुसऱ्या आजाराच्या बाबतीत. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पणजीत आणि पुढे कांदोळीच्या पट्ट्यात मलेरियाने ठाण मांडलं. तेव्हाचा देशभरचा शिरस्ता असा होता: ताप आला की बोट टोचून काचेवर रक्त घ्यायचं आणि रिपोर्टची वाट न पाहता क्लोरोक्विनच्या चार गोळ्या द्यायच्या. काच तपासून येईपर्यंत बांधकामावरचा मजूर दुसऱ्या साइटवर गेलेला असायचा, म्हणून हे शहाणपणाचंच वाटायचं. क्लोरोक्विन फाल्सिपेरम मलेरियावर चालेनासं झालं, त्यात या सरसकट वाटपाचाही हात होता. मग पंधरा-वीस मिनिटांत जागेवर निदान करणारी पट्टी आली. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की संशयित रुग्णाला आधी तपासा, मग औषध द्या. पुढे आपल्या राष्ट्रीय धोरणानेही अंदाजी गोळ्या बंद केल्या. पट्टी महाग, गोळ्या स्वस्त, हा हिशेब तेव्हाही मांडला गेला होता. गोव्यात आज मलेरियाचे रुग्ण तुरळक आहेत. त्याचं मोठं श्रेय डासांची पैदास रोखणाऱ्यांना आहे, पट्टीला एकटीला नाही. पण तापाच्या प्रत्येक माणसाला चार गोळ्या द्या, असं आज कुणी म्हणेल का?

आणि मुळात जागेवरची चाचणी ही काही या शतकातली चैन नाही. नायसरने हा जंतू १८७९ मध्ये शोधला, ग्रामने रंगवण्याची पद्धत १८८४ मध्ये दिली. पुवाचा थेंब काचेवर पसरायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशींच्या आत जोडीजोडीने बसलेले गुलाबी जंतू शोधायचे. सगळं मिळून पंधरा मिनिटं. पू येणाऱ्या पुरुषात ही काच शंभरातल्या पंच्याण्णवांहून जास्त वेळा बरोबर निदान करते. बायकांत मात्र निम्म्याच वेळा. गुप्तरोगाच्या जुन्या ओपीडीशेजारी अशी खोली असायची. पाकिटं आली आणि पुष्कळ ठिकाणी ती खोली स्टोअर झाली. यंत्राची फाइल सचिवालयात फिरत राहील तोवर रंगाच्या चार बाटल्या आणि एक सूक्ष्मदर्शक तेवढा परत लावा, असं मी कुणालाही सांगेन. ज्यांना ही काच जमत नाही, म्हणजे बायका, लक्षणं नसलेले पुरुष, घशातला किंवा गुदमार्गातला संसर्ग, त्यांच्यासाठी यंत्र.

खर्चाचा आक्षेप खरा आहे. एका कार्ट्रिजची, म्हणजे दर चाचणीला यंत्रात घालायच्या डबीची, किंमत पाकिटाच्या किमतीच्या कितीतरी पट भरते आणि आरोग्य खात्याचा पैसा काही आभाळातून पडत नाही. मात्र हा हिशेब मांडणारे जणू कोऱ्या जमिनीवर घर बांधायचं आहे असं गृहीत धरतात. क्षयरोगासाठी जीनएक्सपर्ट आणि ट्रूनॅट ही यंत्रं देशभरच्या सरकारी व्यवस्थेत आधीच आली आहेत. कोविडच्या साथीत त्यांच्यावरही चाचण्या झाल्या. जीनएक्सपर्टवर गोनोरिया आणि क्लॅमिडिया एकदम तपासणाऱ्या कार्ट्रिजला अमेरिकेत २०१२ मध्येच मान्यता मिळाली. दीड तासात उत्तर येतं. आणि ट्रूनॅट? ते वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या मोलबायो कंपनीचं. बॅटरीवर चालतं, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर मावतं, चिप बदलली की दुसरा आजार तपासता येतो. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्षयरोगासाठी त्याची शिफारस केली. वेर्ण्याहून जगभर यंत्र जातं आणि वेर्ण्यापासून तासाभराच्या अंतरावरच्या बाईला मात्र आपण अंदाजाने पाकीट देतो. खर्चाच्या वहीत एका बाजूला कार्ट्रिज लिहायचं तर दुसऱ्या बाजूला वंध्यत्वाच्या उपचारांवर घरं गहाण टाकणारी जोडपीही लिहा. ते पैसे सरकारच्या खिशातून जात नाहीत, एवढ्यानेच ते कमी होत नाहीत.

तज्ज्ञांचा एक आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो. यंत्र जंतूचं अस्तित्व सांगतं. कोणतं औषध त्याला मारेल ते बहुधा सांगत नाही. त्यासाठी जंतू जिवंत वाढवावा लागतो. हा जंतू मोठा नाजूक. त्याला खास अन्न लागतं, कार्बन डायऑक्साइड लागतो. जुन्या लॅबमध्ये जंतू वाढवायच्या प्लेटी काचेच्या बरणीत ठेवून आत मेणबत्ती पेटवत आणि झाकण घट्ट लावत. प्राणवायू कमी होऊन मेणबत्ती विझली की आतली हवा जंतूला मानवायची. जिथं जिथं झटपट चाचण्या आल्या तिथं हे कष्टाचं काम मागे पडलं आणि कोणतं औषध चालेनासं झालंय हे उशिरा कळू लागलं. गोव्यात तसं होऊ शकतं. पण सध्या तरी काय होतंय? पाकीट देणारा दवाखाना तर एकही प्लेट लावत नाही. उलट यंत्राने 'आहे' म्हटल्याबरोबर, रुग्ण खुर्चीतच बसलेला असताना, औषध देण्याआधी दुसरा स्वॅब घेऊन बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, सूक्ष्मजीवशास्त्र विभागात पाठवता येईल. सगळ्यांच्या प्लेटी लावण्यापेक्षा थोड्याच, पण नेमक्या माणसांच्या लागतील. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयातलं लैंगिक आजारांचं शिखर केंद्र अशाच जंतूंवर लक्ष ठेवतं; त्यांच्या नोंदींत गोव्याचे जंतूही असायला हवेत, कारण इथं जंतू जगभरातून येतात.

यंत्राच्या भक्तांनाही एक गोष्ट ऐकवली पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या दुर्गम भागातल्या आदिवासी आरोग्य केंद्रांत नेमका हा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये छापून आले. जागेवर चाचणी असलेल्या ठिकाणी आठवड्याच्या आत उपचार मिळालेल्यांचं प्रमाण ठळकपणे वाढलं. पण त्या वस्त्यांतला संसर्ग काही तेवढ्याने आटला नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. ज्याच्यावर उपचार झाले तो त्याच जोडीदाराकडे परत जातो, आणि जोडीदाराला कुणी बोलावलेलं नसतं. म्हणून यंत्राने गोव्यातला गोनोरिया संपेल असा दावा मी करणार नाही. माझा दावा लहान आहे: जो माणूस आज दारात आला, त्याला आज खरं उत्तर आणि बरोबर औषध मिळेल, आणि जोडीदाराला बोलवायचं की नाही हे त्याच खुर्चीत, पुराव्यानिशी ठरेल.

राहिली बदनामी आणि सक्ती. वरवर विरुद्ध दिसणाऱ्या या दोन भूमिका एकाच समजुतीतून येतात: चाचणी म्हणजे आरोप. ही समजूत गोव्याने कमावलेली आहे. १९८९ मध्ये रक्तदान केलेल्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला एचआयव्ही असल्याचं कळलं तेव्हा उपचारांआधी पोलीस आले. आरोग्य कायद्यातल्या तरतुदीवर बोट ठेवून त्याला म्हापशाच्या जुन्या क्षयरोग इस्पितळात ६४ दिवस डांबलं. त्याची आई लूसी डिसोझा उच्च न्यायालयात गेली. त्या खटल्याचं नाव आजही कायद्याचे विद्यार्थी शिकतात. जून २००४ मध्ये वास्कोतली बायण्याची वेश्यावस्ती बुलडोझर लावून पाडली, तिथल्या बायका गोवाभर पांगल्या आणि त्यांच्यापर्यंत पोचलेले आरोग्य कार्यकर्ते त्यांना शोधत हिंडले. शेजारच्या ब्रिटिश हद्दीत १८६८च्या सांसर्गिक रोग कायद्याने बायकांची पोलिसी नोंदणी आणि जबरदस्तीची तपासणी करून पाहिली, पुरुषांना हात लावला नाही, आणि वीस वर्षांनी तो कायदा मागे घ्यावा लागला. कोणत्या काळात, कोणत्या देशात धाक दाखवून हे आजार आटोक्यात आले?

सक्तीविरुद्धचा युक्तिवाद केवळ माणुसकीचा नाही, साध्या अंकगणिताचाही आहे. समजा चाचणी शंभर निरोगी माणसांतल्या एकाला चुकून रोगी ठरवते. खरी यंत्रं याहून बरी आहेत, पण समजा. लग्नाळू मुलामुलींत हजारी पाच जणांना गोनोरिया असेल, तर हजार जणांना तपासून पाच खरे आणि सुमारे दहा खोटे रोगी हाती येतील. म्हणजे तिघांतल्या दोघांची लग्नं विनाकारण धोक्यात. हीच चाचणी दवाखान्यात करा, जिथं दहातल्या एकाला आजार असेल. हजारात शंभर खरे, नऊ खोटे. यंत्र तेच, माणसं कोणती निवडली यावर त्याचं उत्तर विश्वासाचं की घातक हे ठरतं. एचआयव्हीपुरतं तरी संसदेने २०१७ मध्ये कायदा करून संमतीशिवाय चाचणी आणि परवानगीशिवाय वाच्यता दोन्ही बंद केली. गोनोरियाला तसं कवच नाही. म्हणून यंत्राआधी एक पानाचा आदेश निघावा: रिपोर्ट कंत्राटदाराला नाही, घरमालकाला नाही, पोलिसाला नाही, आणि मजुरांच्या हेल्थ कार्डाशी या चाचणीचा संबंध नाही.

तो आदेश निघाला की सुरुवात तीन सरकारी रुग्णालयांत करता येईल: म्हापशाचं आझिलो, मडगावचं हॉस्पिसियो आणि, बंदर व तारवटी जवळ म्हणून, चिखलीचं रुग्णालय. काळ ऑक्टोबर ते मार्च, एक हंगाम. आठवड्यातून निदान तीन दिवस संध्याकाळची वेळ, कारण शॅकमधला मुलगा आणि हॉटेलातली बाई सकाळी दहाला मोकळी नसते. नावाऐवजी नंबर, फलकावर 'गुप्तरोग' हा शब्द नको, तपासायला पडद्याची खोली आणि एक परिचारिका. थांबायच्या त्या दीड तासात समुपदेशकाने बोलावं. आजवर त्याला इतका वेळ कधी मिळाला आहे? तंत्रज्ञ रजेवर गेला तर यंत्र कोण चालवणार, आणि कार्ट्रिजची मुदत संपत आली की ती कुठे वळवायची, हे आधी कागदावर लिहावं; आपल्याकडे चांगल्या योजना बहुतेक इथंच अडतात. हंगाम संपला की आकडे जाहीर करावेत: किती जणांची चाचणी झाली, किती जण उपचार घेऊनच बाहेर पडले, किती जणांना 'नाही' म्हणून पाकिटाविना पाठवता आलं, किती जोडीदार आले. आकडे समाधानकारक नसतील तर यंत्रं क्षयरोग विभागाकडे परत करावीत. तिथं त्यांना काम कमी नाही.